काढलेलं

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजपासून आमच्या घरात दोघंही लिहिणार. बायको चिठ्ठ्या लिहिते, मी वही लिहीन.

सात महिन्यांपूर्वी हिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रच काढावं लागलं, श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलंय. गाठ गेली म्हणून डॉक्टर खूश आहेत, आवाज गेला त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, आणि जिला बोलायचंय तिला बोलता येत नाही. सुरुवातीला ओठ हलवून सांगायची. मला कळायचं नाही, मग ती चिडायची, मग मी चिडायचो. आता कॅलेंडरच्या जुन्या पानांचे चौकोन कापून ठेवलेत, त्यांच्या पाठीवर लिहून देते. पूर्वी साधा निरोप द्यायचा तरी पार आजोबांपासून सुरू करायची. आता तीन शब्द, चार शब्द. घर शांत झालंय. मला शांतता आवडते असं मी आयुष्यभर म्हणत आलो.

वहीचं कारण ऑफिसचं आहे. आमची संस्था अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं तयार करते आणि ती ज्या सर्व्हरवर राहतात तो सांभाळणं हे माझं काम. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम या महिनाअखेरीला म्हातारी ठरणार, म्हणजे कंपनी तिचं औषधपाणी बंद करणार. त्याआधी नवी घालायची. नव्या साहेबांनी फर्मान काढलंय, ‘रोजची प्रगती नोंदवहीत हवी.’ नोंदवहीत लिहिण्यासारखं तिथे लिहीन, उरलेलं इथे.

आजची प्रगती: नवी सिस्टिम घालण्याआधी चालू कारभाराची एक पूर्ण प्रत काढून ठेवावी लागते, काही बिघडलं तर परत फिरता यावं म्हणून. सगळं मिळून चारशे वीस जीबी मोकळे हवेत. आहेत एक्केचाळीस.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दिवसभर झाडलोट. सर्व्हर स्वतःच्या प्रत्येक शिंकेची नोंद ठेवतो, त्या नोंदींचे ढीग उपसले. एक प्रिंटर आम्ही अकरा वर्षांपूर्वी भंगारात काढला. सर्व्हर बिचारा अजून दर पंधरा मिनिटांनी लिहितोय, ‘प्रिंटर सापडत नाही.’ अकरा वर्षं. कोणी वाचतंय का याची त्याला पर्वा नाही. सगळं पुसलं. जुनी पॅकेजेस उडवली, तात्पुरत्या फायली उडवल्या. एवढं करून बावीस जीबी सुटले.

माझ्या टेबलावरच्या जुन्या मशीनमध्ये ‘काढलेलं’ नावाचा फोल्डर आहे, त्यावरही नजर गेली. पूर्वी माणसं कमी होती तेव्हा रेकॉर्डिंगही मीच करायचो. वाचक कमी पडले म्हणून हिलाही मीच आणलं. एकोणीस वर्षं दर शनिवारी काचेपलीकडे बसून तिने पुस्तकं वाचली. चुकली की टेबलावर दोनदा टकटक करायची आणि म्हणायची, ‘हे काढ.’ मी तो तुकडा कापायचो. एकदा चुकीबरोबर एक अख्खं पान कापलं गेलं आणि हिने मला वाचकांसमोर, संस्थाचालकांसमोर, चहावाल्यासमोर धारेवर धरलं. तेव्हापासून कापलेला प्रत्येक तुकडा मी त्या फोल्डरमध्ये टाकत गेलो. पण तो सर्व्हरवर नाही, म्हणजे त्याचा जागेसाठी काही उपयोग नाही. पडू दे तसाच.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

फीतसाहेबांशी बैठक. हे नाव मी ठेवलंय, कारण आल्यापासून माणूस फिती कापतोय. रॅम्पचं उद्घाटन, नव्या खुर्च्यांचं उद्घाटन, पाण्याच्या फिल्टरचंसुद्धा. त्या सगळ्याचे व्हिडिओ सर्व्हरवर आहेत. एकशे एक्याऐंशी जीबी. अंधांच्या संस्थेत.

मी म्हणालो, “साहेब, हे काढता आले तर...”

“छे छे! तो संस्थेचा इतिहास आहे,” साहेब म्हणाले. “दुसरं काय आहे ते बघा ना.”

दुसरं म्हणजे हिची मूळ रेकॉर्डिंग. वाचकांना पाठवायच्या प्रती दाबून लहान केलेल्या असतात, डब्यात बोलल्यासारख्या ऐकू येतात, पण कामाला पुरतात. मूळ आवाज, जसाच्या तसा, वेगळा ठेवलेला आहे. इतर वाचकांचा कधीच उडवला, हिचा मी ठेवला होता. त्याची दुसरी प्रत एका डिस्कवर होती, ती डिस्क दोन वर्षांपूर्वी मेली. मी लेखी कळवलं. कागदावर शेरा आला, ‘पाहू.’

साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. “हे दोनशे चार जीबी कशाचे?”

“एका वाचक बाईंचं मूळ रेकॉर्डिंग.”

“पुस्तकं आहेत ना तयार?”

“आहेत.”

“मग मूळ कशाला? बाई येतात का अजून वाचायला?”

“नाही.”

“बरं, मग झालं तर.”

एका वाचक बाईंचं, असं मी म्हणालो. माझी बायको आहे असं म्हणता आलं असतं. पण मग साहेबांनी सहानुभूतीचा चेहरा केला असता, आणि तो मला सात महिने पुरून उरलाय. हिशेब मात्र सरळ होता. व्हिडिओ आणि रेकॉर्डिंग, दोन्ही हलल्याशिवाय जागा होत नव्हती. भांडारात डिस्कची मागणी चौथ्यांदा दिली. भांडारवाला म्हणाला, “येईल हो.” तो हे गेल्या वर्षीही म्हणाला होता.

हिला विचारायला हवं, ते मनात आहे. कसं विचारायचं ते सुचत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी हिने चार पानी पत्रक हातात दिलं. वर चिठ्ठी: ‘आवाजाच्या बाईंनी दिलंय. वाच.’ आवाजाच्या बाई म्हणजे हॉस्पिटलमधल्या, ऑपरेशननंतर बोलायला शिकवतात त्या. गळ्याला यंत्र लावून हिला बोलायला लावतात, त्यातून पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येतो आणि ही यंत्र ठेवून देते. पत्रक बारीक अक्षरातलं होतं. सवडीने वाचतो म्हणून बॅगेत टाकलं.

मग चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या. फार दिवसांनी एवढं लिहिलं तिने.

‘माझं रेकॉर्डिंग किती तास आहे?’

“सहाशे चाळीस.”

‘मूळ? की दाबलेलं?’

“मूळ! मी सांभाळलंय,” मी जरा मिरवूनच सांगितलं.

‘जागा किती लागते?’

“दोनशे चार जीबी.”

तिने आकडा वेगळ्या चौकोनावर लिहून फ्रिजला चिकटवला. मला वाटलं, ऑपरेशननंतर पहिल्यांदा माझ्या कामात रस घेतेय. तेव्हाच विचारायला हवं होतं, की ते पुसलं तर चालेल का. पण ती इतकी खुशीत होती की माझी जीभ रेटली नाही. नंतर ओठ हलवून काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, मी मान डोलावली.

सोमवार, १० नोव्हेंबर

चमत्कार झाला. सकाळी टेबलावर माझ्या नावाचं खोकं. आत नवी कोरी डिस्क, दोनशे छप्पन जीबीची. भांडाराला पाझर फुटला म्हणायचा! भांडारवाल्याकडे बघून हात जोडले, तर त्याने लगेच आपलीच करणी असल्यासारखी मान हलवली.

आधी वाटलं, घरचं पार्सल असेल. ही दारावर कुरियरवाल्याशी बोलू शकत नाही, तो फोन करून पत्ता विचारतो आणि ही नुसती फोन धरून उभी. म्हणून हल्ली घरचं सगळं ऑफिसच्याच पत्त्यावर येतं. मी साबण नेलाय, पडदे नेलेत. पण घरी डिस्कचं काय काम?

डिस्क हिच्या रेकॉर्डिंगला पुरली असती. किंवा साहेबांच्या व्हिडिओंना. दोन्हींना नाही. मी अर्धा तास तसाच बसून राहिलो. मग साहेब आले, खोकं पाहिलं, “वा, इतिहासाची सोय झाली,” म्हणाले. मी मूग गिळून केबल लावली. एकशे एक्याऐंशी जीबी फिती दुपारपर्यंत डिस्कवर गेल्या. साहेबांनी डिस्क आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज सुटलो. जेवताना हिने चिठ्ठी सरकवली: ‘डिस्क आली का?’

भांडाराच्या नावाने मी रोज घरी शंख करतो, त्यामुळे तिलाही तो विषय पाठ झालाय. “आली, आली एकदाची,” म्हटलं.

तिचा चेहरा फुलला. लगेच लिहिलं: ‘मग माझ्या फायली काढ. वीस तारखेच्या आत. उशीर करू नकोस.’

मी चिठ्ठी दोनदा वाचली. आठवडाभर माझ्या घशात जो प्रश्न अडकला होता त्याचं उत्तर हिने न विचारता दिलं. एकोणीस वर्षं काचेपलीकडून तोच शब्द ऐकलाय, काढ म्हणजे काय ते मला सांगायला नको. तरी खात्री करावी म्हणून विचारलं, “सगळ्या?”

मान हलवली.

“नक्की? परत मिळणार नाही असला चान्स.” हे मी कशासाठी म्हणालो, ते मलाच धड माहीत नाही.

तिने दोन्ही हातांनी माझा हात दाबला आणि जोरात मान हलवली.

आता खरं लिहितो. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मला तिचा रागही आला. जो आवाज गेला त्याची आठवणही नको, असं वाटत असेल तिला, मी समजू शकतो. पण एकदा तरी म्हणायचं होतंस, की तुला हवा आहे का. मलाही कोणी विचारलं नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पुसलं. कमांड लिहिली, एन्टर दाबला, चहा यायच्या आत काम फत्ते.

त्याआधी एक फाइल उघडली होती. मी नेहमी फक्त पहिली दहा सेकंदं ऐकतो, आवाज आलाय की नाही एवढंच. तिने वाचलेलं एकही पुस्तक मी पूर्ण ऐकलेलं नाही. बायको घरी बोलतेच की, असं वाटायचं. आज हेडफोन लावला, तिने घसा खाकरला, कागद सारखे केले, “सुरू करू?” म्हणाली, आणि मी बंद केलं. अकरावं सेकंद ऐकायची हिंमत झाली नाही.

नोंदवहीत लिहिलं: ‘जागा उपलब्ध ४४८ जीबी.’ साहेबांनी खाली सही केली, ‘उत्तम.’

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी सातला सुरुवात केली. आधी पूर्ण प्रत काढली, मोकळी केलेली जागा जवळजवळ सगळी भरली. मग नवी सिस्टिम घातली. दोनदा अडली, एकदा नेटवर्क गेलं, मी शिव्या घातल्या, ते आलं. दुपारी तीन वाजता सगळं सुरळीत. बोलकी पुस्तकं बोलायला लागली. एकटाच होतो, तरी स्वतःशी टाळी वाजवली.

घरी आलो तर हिने दारातच हात पुढे केला, तळवा वर. मला वाटलं, बॅग मागतेय. बॅग दिली. तिने आतलं सगळं टेबलावर ओतलं, डबा, छत्री, ते पत्रक. परत माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “दमलोय गं, उद्या.”

सोमवार, १७ नोव्हेंबर

कसं लिहू.

सकाळी चहाबरोबर चिठ्ठी आली: ‘डिस्क कुठाय?’

“साहेबांच्या कपाटात. ऑफिसची डिस्क ऑफिसातच असणार ना.”

ती उठून फोन घेऊन आली, ऑर्डर दाखवली. दोनशे छप्पन जीबीची डिस्क, माझं नाव, ऑफिसचा पत्ता, मिळाल्याची तारीख दहा नोव्हेंबर. तिने मागवली होती. फ्रिजवर तो चौकोन अजून होता: दोनशे चार.

लिहिलं: ‘फायली काढल्यास ना?’

“काढल्या,” मी म्हणालो. मला तोपर्यंतही कळलं नव्हतं.

‘कुठे ठेवल्यास?’

तेव्हा कळलं. ती वाट बघत होती, पेन हातात धरून. मी म्हटलं, “काढल्या म्हणजे... अगं, पुसल्या. तूच म्हणालीस ना, काढ.”

तिने तोंड उघडलं. तिला ओरडायचं होतं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली, फुस्स आवाज झाला, आणि ती तशीच तोंड उघडं ठेवून उभी राहिली. त्यापेक्षा तिने कप फेकून मारला असता तर बरं झालं असतं.

मग आत जाऊन दार लावलं. मी पत्रक वाचलं. आठ दिवस माझ्या बॅगेत होतं. ‘रुग्णाचा आवाज आधी नोंदवलेला असल्यास त्यावरून तसाच बोलणारा आवाज तयार करता येतो. रुग्ण टाइप करेल ते यंत्र रुग्णाच्याच आवाजात बोलेल. रेकॉर्डिंग मूळ स्वरूपातलं हवं, दाबलेलं चालत नाही.’ पेनाने समासात हिने लिहिलं होतं, ‘वीस तारखेला यायला सांगितलंय. आपल्याकडे आहे!!’ दोन उद्गारचिन्हं.

ऑफिसात साहेबांनी पेढ्यासारखा चेहरा करून अभिनंदन केलं आणि इतिहास परत चढवायला सांगितला. रविवारच्या प्रतीचं काम संपलं होतं, ती उडवून मी चढवला. डिस्क मागून घेतली, माझ्या घरची आहे म्हणालो. “अरे, मग सांगायचंत ना,” साहेब म्हणाले. खरंच, सांगायचं होतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

पुसलेलं परत आणायची हत्यारं आहेत, ती सगळी चालवली. पण पुसलेल्या जागेवरच मी रविवारी प्रत लिहिली होती, ती काढायची म्हणूनच तर पुसलं होतं. शेकडो फायली मिळाल्या. एकीत नुसती खरखर, दुसरीत अर्धा शब्द आणि शिट्टी. संध्याकाळपर्यंत ऐकत बसलो. एक अख्खं वाक्य मिळालं नाही.

घरी चिठ्ठ्या बंद आहेत. चौकोनांची चवड टेबलावर तशीच आहे. लेकीचा फोन आला, तिला मीच सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तू तिला ‘काढ म्हणजे काय’ एवढं विचारायचंस ना रे.”

विचारलं होतं की. नक्की का, असं विचारलं होतं. काय ते मात्र विचारलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ही हॉस्पिटलला यायला तयार नव्हती, म्हणून एकटाच गेलो. आवाजाच्या बाईंना सगळं सांगितलं. वाचकांच्या प्रती ऐकवल्या. त्यांनी मान हलवली. “यातून आवाज होईल, पण तो त्यांचा वाटणार नाही. डब्यातलाच वाटेल. मूळ काहीच नाही? लग्नातलं, घरातलं? दोन तास तरी?”

“नाही.”

“खोकला, चुका, काहीही चालेल हो. त्यांनी बोललेलं हवं.”

चुका म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलो.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

‘काढलेलं’ फोल्डरमध्ये दोन तास अडतीस मिनिटं निघाली. मूळ आवाजात. हेडफोन लावून सगळी ऐकली, यावेळी अकराव्या सेकंदाला थांबलो नाही.

टकटक. हे काढ. टकटक. शी, परत घेऊ. ऐकतोयस ना? लक्ष कुठंय तुझं? हे काढ म्हटलं ना. बंद कर तो पंखा. किती वेळा सांगायचं? टकटक. हे वाक्य लिहिणाऱ्यालाच वाचायला बसवा. तुला काय, तू काचेच्या पलीकडे सुखी. हे पण काढ.

एकोणीस वर्षांत तिने राजे वाचले, नद्या वाचल्या, लहान मुलांच्या गोष्टी वाचल्या. ते सगळं मी पुसलं. उरली ती फक्त माझ्यावर केलेली चिडचिड. तिच्याच डिस्कवर भरून नेली. दोनशे छप्पन जीबीत एक जीबीही भरलं नाही.

बाईंनी थोडं ऐकलं आणि म्हणाल्या, “होईल. पण जो सूर दिलाय तोच सूर मिळेल, एवढं त्यांना आधी सांगा.”

हिला सांगितलं. आठ दिवसांनी पहिली चिठ्ठी मिळाली: ‘कर.’

शुक्रवार, १९ डिसेंबर

आज यंत्र घरी आलं. वहीएवढं आहे. मांडीवर ठेवून ही टाइप करते आणि ते बोलतं.

मी समोर बसलो होतो. वाटत होतं, पहिलं वाक्य माझ्यासाठी असेल. शिवी असेल तरी चालेल, असं मनाशी ठरवून बसलो होतो. तिने टाइप केलं आणि यंत्र बोललं, “लेकीला फोन लाव.”

तिचाच आवाज होता. अगदी तिचा, सकाळी पंखा बंद करायला सांगतानाचा. नंबर लावताना माझा दोनदा चुकला.

फोन लागला. हिने टाइप केलं. “बाळा, मी बोलतेय. जेवलीस का?”

पलीकडून लेक रडतच म्हणाली, “आई... आई, तू रागावली आहेस का?”

हिची बोटं थांबली. यंत्राकडे न बघता तिने माझ्याकडे बघितलं, मग सावकाश टाइप केलं.

“हो,” यंत्र म्हणालं. “तुझ्यावर नाही.”